राऊटर ओढ घेतो, खाच मधेच खोल जाते: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

राऊटरने, म्हणजे फिरत्या पात्याने लाकडाच्या कडा आणि खाचा मारायच्या मशीनने, सागवानी टेबलाच्या फळीच्या कडांना गोलाई मारताय. तीन कडा झकास निघाल्या आणि चौथ्या कडेवर मशीनने एकदम ओढ घेतली, हातभर पळत सुटलं. किंवा शेल्फच्या फळीत ६ मिलिमीटर खोल खाच मारताय. सुरुवातीला खोली बरोबर होती, पण दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तीच खाच ९ मिलिमीटर झाली. हातात नवं मशीन आलेली पोरं माझ्याकडे हीच दोन गाऱ्हाणी घेऊन येतात. त्या दिवशी कसंबसं निभावतं आणि महिन्याभरात तेच गाऱ्हाणं परत येतं, कारण त्यांना दर वेळी एकच उपाय सांगितला गेलेला असतो: "घट्ट धर."

घट्ट धरून हा दोष जात नाही. २५ मिलिमीटर व्यासाचा बिट (राऊटरचं फिरतं पातं) मिनिटाला २४,००० फेरे घेत असेल तर त्याची धार ताशी ११३ किलोमीटरच्या आसपास धावत असते. ती धार लाकडात अडकून ओढ घेते तेव्हा मनगटाचा जोर कामाचा नसतो. उलट मूठ आवळून धरणाऱ्याचा हात लवकर थकतो आणि मशीन कुठे बिनसतंय हे त्या हाताला कळेनासं होतं. राऊटर नीट चालला असेल तर तो हलका धरूनही सरळ जातो. जोर लावावा लागला की थांबायचं आणि कारण शोधायचं.

आणखी एक गल्लत नेहमी होते. मशीनने ओढ घेणं आणि खाचेची खोली बदलणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची कारणंही वेगळी आहेत. पहिलीचं कारण बहुतेक वेळा मशीन कोणत्या बाजूने नेलं यात असतं. दुसरीचं कारण बिट जिथे पकडला जातो तिथे, म्हणजे कोलेटमध्ये असतं. दोन्ही एकत्र करून बघायला गेलात तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

पुढचं काहीही तपासण्याआधी पिन बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. ट्रिमरचं, म्हणजे छोट्या राऊटरचं, बटण सरकवायचं असतं, बाहीच्या धक्क्यानेही ते चालू होतं. पिन काढून वायरचं टोक डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचं, मगच बिटला हात लावायचा.

आता पहिली तक्रार.

हातातला राऊटर वरून पाहिला तर त्याचा बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. मशीन पुढे ढकलताना बिटाच्या डाव्या बाजूचे दात पुढे जात असतात आणि उजव्या बाजूचे मागे येत असतात. लाकूड डावीकडे असेल तर दात लाकडाला पुढे रेटतात, लाकूड मशीनला मागे रेटतं आणि तुमच्या हाताला एकसारखा विरोध जाणवतो. तो विरोध हवाच, त्याच्यामुळेच मशीन तुमच्या ताब्यात राहतं. लाकूड उजवीकडे आलं की चित्र उलटतं. दात लाकडावर मागे ढकलत चालतात, जमिनीवर चाक चालावं तसे, आणि मशीन पुढे धाव घेतं. त्या क्षणी तुम्ही ते ढकलत नसता, ते तुम्हाला ओढत असतं.

म्हणून नियम एकच लक्षात ठेवायचा: मशीन ज्या दिशेने चाललंय त्या दिशेला तोंड करून पाहिलं, तर लाकूड डाव्या हाताला असलं पाहिजे.

शिकवताना मी प्रदक्षिणेचं उदाहरण देतो. प्रदक्षिणा घालताना देव आपल्या उजव्या हाताला असतो. फळीच्या बाहेरच्या कडेने राऊटर नेताना याच्या बरोबर उलट चालायचं, फळी डाव्या हाताला ठेवून. म्हणजे बाहेरून घड्याळाच्या उलट. कपाटाच्या दारात काच बसवायला आत चौकोन कापला असेल, तर त्या चौकोनाच्या आतून फिरताना घड्याळाच्या दिशेने जायचं, कारण तिथे लाकूड डावीकडे ठेवायला तोच रस्ता आहे. नियम दोन नाहीत, एकाच नियमाची ही दोन रूपं आहेत. टेबलाखाली उलटा बसवलेला राऊटर वरून पाहिल्यावर उलट फिरताना दिसतो, त्यामुळे हा हिशोब तिकडे लावू नका. मी फक्त हातातल्या मशीनबद्दल बोलतोय.

सुरुवातीला सांगितलेली चौथी कड माझ्या भाच्याची. फळी वर्कशॉपच्या भिंतीला लागून ठेवलेली होती. तीन कडांना त्याला मोकळी जागा होती, तिथे तो नकळत बरोबर दिशेने गेला. चौथ्या कडेच्या बाजूला भिंत. पलीकडच्या कोपऱ्यावर हात पोहोचत नव्हता, म्हणून तो होता त्याच कोपऱ्यातून निघाला, म्हणजे उलट टोकाकडून. मशीन वीतभर नीट गेलं, मग आवाज पातळ झाला, आणि पुढची हातभर कड दोन ठिकाणी उकरून ते कोपऱ्यावरून खाली उतरलं. वायर ताणली गेली म्हणून जमिनीवर पडलं नाही. तो मागे सरकला आणि बिट त्याच्या पोटापासून लांब राहिला, एवढं नशीब. चूक फळी ठेवण्यात होती आणि ती माझी होती. मी बघायला हवं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे फळीच्या चारी बाजूंना माणूस फिरेल इतकी जागा असल्याशिवाय मशीन चालू होत नाही. जागा नसेल तर क्लॅम्प सोडून फळी फिरवायची, मशीनची दिशा बदलायची नाही.

तुमच्या राऊटरच्या तळपट्टीवर मार्करने एक मोठा गोल बाण काढून ठेवा, बिट ज्या दिशेने फिरतो तो. आणि फळीवर पेन्सिलने कडेकडेने जाण्याच्या दिशेचे बाण काढा. दोन मिनिटांचं काम आहे. मला यात आता पंचवीस वर्षं होत आली, तरी फळीवर बाण मी आजही काढतो.

मुद्दाम उलट दिशेने हलकासा हात फिरवला तर कड गुळगुळीत निघते, असं काही मिस्त्री सांगतात. ते खोटं नाही. दात लाकडाचे तंतू उचलण्याऐवजी दाबत जातात, त्यामुळे ढलपी उडत नाही. पण हे फक्त छोट्या ट्रिमरवर आणि मिलिमीटरभरही लाकूड काढायचं नसेल तेव्हाच. मोठा राऊटर आणि मोठा बिट घेऊन हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ढलपी टाळायचा दुसरा साधा मार्ग आहे. फळीची आडवी कापलेली टोकं आधी मारा आणि लांब, उभ्या रेघेच्या कडा नंतर. टोकाच्या शेवटी जी ढलपी उडते ती पुढच्या लांब कडेच्या फेरीत निघून जाते. फक्त टोकच मारायचं असेल तर त्याच्या शेवटाला एक फालतू लाकडाचा ठोकळा टेकवून क्लॅम्प करा, तुटलं तर तो तुटेल.

फळीच्या मधोमध खाच मारताना दोन्ही बाजूंना लाकूड असतं, मग डावं-उजवं कसं ठरवायचं? इथे बिटाचा पुढचा भाग कापतो. तो डावीकडून उजवीकडे जात असतो, म्हणून लाकूड मशीनला डावीकडे ढकलतं. सरळ पट्टी क्लॅम्प करून तिच्या आधाराने खाच मारत असाल तर पट्टी राऊटरच्या डावीकडे ठेवा, म्हणजे मशीन आपणहून पट्टीला चिकटून चालेल. पट्टी उजवीकडे असेल तर मशीन सतत तिच्यापासून लांब जायला बघतं, आणि तुमची खाच पावसाळ्यातल्या पायवाटेसारखी वळते. राऊटरलाच बसवलेला, फळीच्या कडेने सरकणारा गाईड असेल तर मात्र तो उजवीकडे हवा. डावीकडची ओढ मग त्या गाईडला फळीच्या कडेवर दाबून धरते.

आता दुसरी तक्रार, खोली बदलण्याची. माझ्या मते जास्त धोका यात आहे, कारण हा दोष आवाज करत नाही.

खोली तीन ठिकाणी सरकू शकते: बिट कोलेटमधून खाली उतरतो, मोटर तळाच्या कड्यातून घसरते, किंवा वरखाली होणाऱ्या राऊटरचं लॉक सैल असतं. यातलं कोणतं हे अंदाजाने ठरवू नका. बारीक मार्कर घ्या. कोलेटचं नट जिथे संपतं तिथे बिटाच्या दांडीवर एक रेघ मारा. मोटर आणि तळाचं कडं यांच्या सांध्यावर दुसरी रेघ मारा, अर्धी मोटरवर, अर्धी कड्यावर. फालतू लाकडात हातभर खाच मारा. मशीन बंद करा, बिट पूर्ण थांबू द्या, पिन काढा आणि रेघा बघा. जी सरकली तिथे दोष आहे. दुसरी रेघ सरकली असेल तर कड्याचा स्क्रू किंवा लीव्हर आवळा, आतला भुसा फुंकून काढा, काम झालं.

पहिली रेघ सरकली असेल तर काम तिथेच थांबवा.

बिट काढून दांडी उजेडात धरा. घसरलेल्या बिटाच्या दांडीवर बारीक गोल ओरखडे दिसतात, आणि कोलेटच्या तोंडाशी काळपट तपकिरी पूड असते. बोटाला लागते, लोखंडाचा वास येतो. ती पूड भुशाची नसते, दोन धातू एकमेकांवर घासून पडलेली असते. अशी दांडी दिसली की समजायचं, बिट आत फिरलाय.

का फिरला? आपल्याकडे याचं एक कारण इतकं घट्ट बसलंय की मी ते सगळ्यात आधी तपासतो. आपण सुतात बोलतो. इंचाचे आठ सूत, म्हणजे पाव इंच दोन सूत. आणि प्लायच्या दुकानात ६ मिलिमीटरची शीटही दोन सुतीच असते, १२ मिलिमीटरची अर्धा इंची. प्लायमध्ये हे चालतं, थोडाफार फरक पट्टी मारून झाकला जातो. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि अर्धा इंच म्हणजे १२.७. दुकानात "दोन सूत दांडीचा बिट द्या" म्हटलं की कधी ६ चा मिळतो, कधी पाव इंची. दोन्ही एकाच डबीत जातात. ६.३५ ची दांडी ६ च्या कोलेटमध्ये शिरतच नाही, म्हणून ती चूक लगेच कळते. ६ ची दांडी पाव इंची कोलेटमध्ये मात्र आरामात जाते. नट आवळल्यावर घट्टही वाटते. फरक ०.३५ मिलिमीटरचा, साध्या कागदाच्या साडेतीन पानांएवढा. कोलेट तेवढं मिटण्यासाठी बनलेलं नसतं. ते दांडीला सगळीकडून न धरता एकदोन ठिकाणीच चावतं, आणि पहिल्याच जोरदार कापाला दांडी सुटते. १२ ची दांडी अर्धा इंची कोलेटमध्ये घातली तर फरक ०.७ मिलिमीटरचा, म्हणजे दुप्पट, आणि बिटही मोठा.

मग यावर जे केलं जातं ते बघून जीव घाबरतो. दांडीला चिकटपट्टी गुंडाळतात, पत्र्याची पट्टी घालतात, सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावतात. कृपा करून हे कधीही करू नका. मापाचा कोलेट वेगळा मिळतो, तो घ्या. तो मिळत नसेल तर त्या दिवशी तो बिट वापरू नका, खाच पटाशीने मारा.

वर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) नसेल तरी माप कळतं. जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीला ६ मिलिमीटरच्या ड्रिलने एक भोक पाडा आणि ती पट्टी बिटांच्या डबीला बांधून ठेवा. जी दांडी भोकात जाते ती ६ ची, जी अडते ती पाव इंची. आमच्याकडे आता दोन वेगळ्या डब्या आहेत. नवा बिट आला की आधी पट्टीतून, मग डबीत.

माप बरोबर असूनही बिट सरकत असेल तर बसवण्याची पद्धत बघा. दांडी तळापर्यंत घालायची आणि मग साधारण २ ते ३ मिलिमीटर वर उचलायची. तळाला टेकलेली दांडी नट आवळताना खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे पकड अर्धवट बसते. दुसरीकडे, जास्त खोली मिळावी म्हणून दांडी बाहेर ओढून ठेवणं त्याहून वाईट. दांडीचा किमान तीन चतुर्थांश भाग कोलेटच्या आत हवा. दांडी आणि पात्याच्या मधली गोलाई कोलेटच्या तोंडात अडकू देऊ नका. नट बिटाशिवाय आवळून ठेवू नका, रिकामं कोलेट दबून बिघडतं. आणि कोलेट आतून पुसत जा. सागवानाचा चिकट भुसा आत बसला तर नवं कोलेटही दगा देतं. कोरडं फडकं गुंडाळीसारखं आत फिरवा, तेल अजिबात नको. पुसूनही पकड येत नसेल, तोंडाशी कोलेट झिजून पसरलेलं दिसत असेल, तर ते बदलायची वस्तू आहे, दुरुस्त करायची नाही.

पिळाच्या धारेचे जे बिट भुसा वर फेकतात, ते स्वतः कोलेटमधून खाली ओढले जातात. त्यांच्यासाठी वरचं सगळं दुप्पट काटेकोर.

बाकीची कारणं लवकर सांगून होतात. एका फेरीत किती खोल जायचं? बिटाच्या व्यासाच्या निम्म्यापर्यंत, त्यापुढे नको. १२ च्या बिटाने १२ खोल खाच हवी असेल तर दोन फेऱ्या, लाकूड कडक असेल तर तीन. एका दमात खोल गेलात की मशीन ओढही घेतं आणि बिटही सरकतो, म्हणजे दोन्ही तक्रारी एकदम. मोठ्या व्यासाच्या बिटाला वेग कमी लागतो. ५० मिलिमीटरचा बिट २४,००० वर चालवला तर धार ताशी सव्वादोनशे किलोमीटरला जाते. बिटावर कमाल वेग कोरलेला असेल तर तोच पाळायचा. ज्या ट्रिमरला वेग कमी करायची चकती नाही, त्यात मोठा बिट बसवायचाच नाही, दांडी मापाची असली तरी.

कड काळी पडत असेल तर मशीन एका जागी रेंगाळतंय किंवा धार गेली आहे. सागवानात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे साध्या पोलादाची धार लवकर मरते. सागवानाला कार्बाइडचेच बिट घ्या. धारेवर राळ साचली असेल तर रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, पण बेअरिंग त्यात बुडवू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. बोथट बिटाला माणूस नकळत जास्त रेटतो आणि मग मशीन उसळतं.

कोपऱ्यावर मशीन कलंडत असेल तर तळाचा अर्ध्याहून जास्त भाग हवेत आहे. शेजारी त्याच जाडीची पट्टी ठेवून तळाला आधार द्या आणि वजन फळीवर असलेल्या मुठीवर टाका. अरुंद पट्टीला गोलाई हवी असेल तर रुंद फळीला आधी गोलाई मारा आणि मग पट्टी कापून काढा. फळी दोन क्लॅम्पनी धरलेली हवी, एका क्लॅम्पवर ती फिरते. एका हाताने फळी आणि दुसऱ्या हाताने ट्रिमर, हे रोज दिसतं आणि रोज चुकीचं आहे.

मशीन चालू करताना बिट लाकडाला टेकलेला नको. पूर्ण वेग आल्याचा आवाज ऐका, मग लाकडात शिरा. काम संपल्यावर बिट थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नका. हातमोजे घालू नका, फिरत्या बिटात धागा अडकला तर बोट सोबत जातं. बाह्या कोपराच्या वर, गळ्यातलं उपरणं किंवा ओढणी बाजूला. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे हवेतच. मास्कबद्दल पोरं कुरकुरतात म्हणून सांगतो: लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. तोंडाला रुमाल बांधून तो बारीक भुसा अडत नाही.

आणि लाईट. आपल्याकडे काम चालू असताना लाईट जाते. मशीन खाचेत थांबतं, आपण ते तसंच सोडून चहाला जातो. सरकत्या बटणाचं मशीन लाईट आल्यावर आपणहून सुरू होऊ शकतं, तेही बिट लाकडात रुतलेला असताना आणि मुठीवर कोणाचा हात नसताना. म्हणून लाईट गेली की मशीन खाचेतून बाहेर काढायचं, बटण मागे घ्यायचं आणि पिन काढून वायर गुंडाळून ठेवायची. लाईट आल्यावर बिट पुन्हा आवळून बघायचा, मग पिन लावायची.